बटवा उघडणारी मुले

आजकालची नातवंडे सुट्टीत जी जाडजूड पुस्तके वाचतात त्यांत एक गोष्ट हटकून असते. एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या काहीतरी जादू चालत आलेली असते. आई-बाप किंवा आजी ती लपवून ठेवतात, "बाहेर कुणाला सांगायचं नाही हं!" अशी मुलांना शपथ घालतात, आणि ते पोर नेमके नको ते कपाट उघडते. मग रागावणे, घर सोडणे, संकट, आणि शेवटी समेट. वाचून झाले की मुले म्हणतात, "मोठी माणसं आधीच सांगून का टाकत नाहीत? एवढा घोळ तरी झाला नसता!"

प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर मला एक फार जुनी गोष्ट आठवते. ती लिहिणारा कुणी कथालेखक नव्हता. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे ज्याने जगाला सांगितले तो योहानेस केप्लर. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण त्याचे नाव ऐकलेले असते, नियम पाठ केलेले असतात, आणि पुढे विसरलेलेही असतात. पण या माणसाच्या घरात हीच गोष्ट खरोखर घडली आणि त्यापायी त्याच्या आईचा जीव जायची वेळ आली, हे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून आज ते लिहायला घेतले आहे.

केप्लरने 'सोम्नियम' नावाचे एक छोटे पुस्तक लॅटिनमध्ये लिहिले. सोम्नियम म्हणजे स्वप्न. त्याचे बीज १५९३ सालचे, तो ट्युबिंगेनच्या विद्यापीठात शिकत होता तेव्हाचे. चंद्रावर उभे राहून पाहिले तर आकाश कसे दिसेल, यावर त्याने एक प्रबंध लिहिला होता, पण तो मांडायची परवानगी मिळाली नाही. पृथ्वी फिरते असे उघड म्हणण्याचे ते दिवस नव्हते. पुढे १६०९ मध्ये, प्राग शहरात बादशहाचा गणिती म्हणून नोकरीत असताना, त्याने त्याच विषयाला गोष्टीचे रूप दिले. स्वप्नातले लोक काहीही बोलू शकतात, नाही का?

गोष्ट अशी. आइसलँडमध्ये फिओल्क्सहिल्ड नावाची एक बाई राहते. तिचा मुलगा दुराकोटस हा गोष्ट सांगतो. बाप तो तीन वर्षांचा असतानाच गेलेला. आई लहानपणी मुलाला हाताला धरून, कधी खांद्यावर घेऊन, हेक्ला डोंगराच्या उतारावर जाते, झाडपाला गोळा करते, घरी आणून विधीपूर्वक शिजवते आणि बकऱ्याच्या कातड्याच्या छोट्या छोट्या पिशव्यांत भरून खलाशांना विकते. अगदी आपल्याकडचा आजीबाईचा बटवाच म्हणा ना! फक्त त्यात औषधाबरोबर मंत्रतंत्रही आहे. मुलाने लिहू नये असे आईचे सांगणे असते. जगात विद्येचा द्वेष करणारे, आपल्याला कळत नाही त्याला नावे ठेवणारे लोक फार आहेत, अशी तिची भीती. ती जिवंत असेपर्यंत मुलगा गप्प राहतो आणि ती गेल्यावरच हे सगळे लिहायला बसतो.

पण गप्प राहिला तरी पोराचे हात कुठे गप्प राहतात? चौदा वर्षांचा असताना, एका कप्तानाला विकलेली पिशवी त्याने आत काय आहे हे बघायला कापून उघडली. आतून झाडपाला आणि भरतकाम केलेली कापडाची तुकडी बाहेर पडली. आईचा संताप अनावर झाला. पैसे तर परत द्यायचे नाहीत, म्हणून पिशवीऐवजी तिने मुलालाच त्या कप्तानाच्या हवाली केले!

जहाज डेन्मार्ककडे गेले. तिथे ह्वेन बेटावर टायको ब्राहे हा प्रसिद्ध ज्योतिर्विद राहत होता. त्याच्याकडे मुलगा राहिला आणि खगोलशास्त्र शिकला. पाच वर्षांनी घरी परतला तेव्हा आई जिवंत होती. रागाच्या भरात पोटचे पोर घालवले याचा पश्चात्ताप करत बसली होती. मुलगा काय काय शिकून आला हे ऐकून तिला आनंद झाला, आणि तेव्हा कुठे तिने आपले झाकलेले सांगितले. चंद्रावर ये-जा करणारे आत्मे तिच्या ओळखीचे होते. तो जे दुर्बिणीवाचून, मोजमाप करून शिकला ते तिला दुसऱ्या वाटेने ठाऊक होते. आता आपली विद्या ज्याला द्यायची तो वारस मिळाला, मरायला हरकत नाही, असे तिला वाटले. मग दोघे डोक्यावरून कापड ओढून शेजारी शेजारी बसतात आणि चंद्रावरच्या आत्म्याचे बोलणे ऐकतात. त्यापुढचे पुस्तक हे चंद्राच्या भूगोलाचे आहे.

या गोष्टीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते मायलेकाचे असे शेजारी बसणे. पण ते येते कधी? पिशवी फाटल्यावर, ताटातूट झाल्यावर, पाच वर्षे गेल्यावर.

आता खऱ्या आईकडे येऊ.

केप्लरची आई काटारिना ही एका खाणावळवाल्याची मुलगी. लहानखुरी, सडपातळ, बोलभांड आणि भांडकुदळ, असे वर्णन तिच्या मुलानेच करून ठेवले आहे. नवरा भाडोत्री शिपाई. तो लढायांवर जायचा, यायचा, आणि १५८९ च्या सुमारास गेला तो परत आलाच नाही. मुलांचे सारे हिनेच केले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण १५७७ साली मोठा धूमकेतू दिसला तेव्हा सहा वर्षांच्या योहानेसला हाताला धरून उंचावर नेऊन तिने तो दाखवला. ही आठवण त्याने जन्मभर जपली. गोष्टीतली आई मुलाला खांद्यावर घेऊन डोंगरावर जाते ती कुठून आली, हे वेगळे सांगायला नको.

काटारिनालाही झाडपाल्याचे वेड होते. दुखण्याखुपण्यावर ती काढे करायची, शेजारीपाजारी द्यायची. त्यात काही गूढ नव्हते. त्या काळी घरोघरच्या बायका हेच करत. पण दिवस वाईट होते. जर्मनीत चेटकिणी शोधून त्यांना जाळण्याचे सत्र चालू होते. ज्या नातलग बाईकडे काटारिना लहानाची मोठी झाली तिलाही चेटकीण म्हणून जाळले होते, असे पुढे तिच्यावर आरोप करणाऱ्यांनी म्हटले. म्हणजे हातातले ज्ञान केव्हा गळ्याशी येईल याचा नेम नव्हता. अशा घरातली आई मुलांना "बाहेर बोलू नका" म्हणाली, तर तिला फाजील काळजी करणारी कसे म्हणायचे?

१६१५ साली व्हायचे ते झाले. लेओनबर्ग गावात एका काच बसवणाऱ्याची बायको, उर्झुला राइनबोल्ड, बरीच आजारी होती. काटारिनाने दिलेल्या पेयामुळे आपल्याला हे दुखणे जडले असे ती म्हणू लागली. तिचा भाऊ न्हावी आणि शस्त्रवैद्य, राजघराण्यातल्या लोकांकडे ऊठबस असलेला. त्याने गावच्या अधिकाऱ्यासमोर म्हातारीवर तलवार रोखली आणि "माझ्या बहिणीवरचं चेटूक उतरव" म्हणून धमकावले. त्याच सुमारास गावात काही बायकांना चेटकीण ठरवून मारलेही होते. केप्लर कुटुंबाने अब्रुनुकसानीचा दावा लावला, पण तो दावा रखडत गेला आणि आरोप वाढत गेले. गावातला लंगडा शाळामास्तर एके काळी केप्लरच्या शाळेतला सोबती. मुलाची पत्रे वाचून घ्यायला काटारिना त्याच्याकडे जात असे. तोही म्हणाला की तिने दिलेल्या पेयानेच मी लंगडा झालो. मी स्वतः आयुष्यभर शिक्षिका होते. ज्याने लोकांना वाचायला शिकवायचे त्याने, वाचता न येणाऱ्या बाईवर हे बालंट घ्यावे, हे वाचून मला फार वाईट वाटले.

त्याहून वाईट घरात होते. धाकटा मुलगा हाइनरिख लढायांतून आजारी होऊन घरी आला होता. आईशी पटेना, तेव्हा रागाच्या भरात त्यानेही तिला चेटकीण म्हटले होते. तो १६१५ मध्येच वारला, पण शब्द मागे राहिला. दुसरा मुलगा क्रिस्टोफ कथलाची भांडी घडवणारा, गावातच धंदा. आधी तो आईच्या बाजूने लढला, पुढे मात्र स्वतःच्या अब्रूचीच त्याला जास्त चिंता वाटू लागली. मुलगी मार्गारेटा एका पाद्र्याला दिलेली, तिने आईला सोडले नाही. तिनेच पत्र लिहून भावाला कळवले. ते पत्र केप्लरला १६१५ च्या डिसेंबरअखेर लिंत्स शहरी मिळाले आणि चारच दिवसांत त्याने लेओनबर्गच्या अधिकाऱ्यांना खरमरीत पत्र पाठवले.

पण त्याच्या मनाला एक टोचणी लागून राहिली होती. 'सोम्नियम'चे हस्तलिखित १६११ च्या सुमारास हातोहात फिरले होते. जडीबुटी विकणारी, आत्म्यांशी बोलणारी आई, आणि ब्राहेकडे शिकलेला मुलगा! केप्लर स्वतः ब्राहेचा सहकारी होता हे सगळ्यांना माहीत. अर्धवट ऐकून लोकांनी गोष्ट खरी मानली आणि न्हाव्यांच्या दुकानांतून तिची चर्चा झाली, असे केप्लरने पुढे लिहून ठेवले. न्हावी म्हटल्यावर उर्झुलाचा भाऊ आठवणारच. खटल्याच्या कागदांत या पुस्तकाचा उल्लेख नाही, त्यामुळे आजचे इतिहासकार याला पुरावा मानत नाहीत. पण मुलाच्या मनात ते होते. आपणच आईची पिशवी कापून आतले चारचौघांत सांडले, असे त्याला वाटत असणार.

आणि इथे एक उलटापालट होते. ज्याने बटवा उघडला तोच आता झाकू पाहतो. १६१६ च्या डिसेंबरात त्याने आईला लिंत्सला आपल्याकडे आणवले. ती काही महिने राहिली आणि १६१७ मध्ये परत गावी निघून गेली! आपले घर, आपली भांडीकुंडी, आपला दावा. निर्दोष असताना मी का लपू, असेच तिला वाटले असावे. केप्लर मागोमाग गेला, तिला परत न्यायची परवानगी काढली. ती आली नाही. आपण घरोघरी हे बघतोच की. मुलगा म्हणतो, "आई, तू आता आमच्याकडे ये, एकटी राहू नकोस." आणि आई म्हणते, "मला काय धाड भरलीय?" माझ्या वयाच्या वाचकांना तर यातली गंमत आणि दुखणे दोन्ही कळेल. बंड करायला तरुणच असावे लागते असे नाही.

१६१७ साली झालेल्या मुलीचे नाव केप्लरने काटारिना ठेवले. ती तान्ही मुलगी फेब्रुवारी १६१८ मध्ये गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याला ग्रहांचा तिसरा नियम सापडला. पाठ्यपुस्तकात नियम तेवढा छापतात, बाकीचे कोण छापणार?

७ ऑगस्ट १६२० रोजी, मार्गारेटाच्या घरातून रात्रीच्या वेळी काटारिनाला पकडले आणि लाकडी पेटीत घालून बाहेर काढले. गावात बोभाटा नको म्हणून. तेव्हा तिने सत्तरी ओलांडलेली होती, म्हणजे माझ्याच वयाची. पुढे चौदा महिने ती साखळदंडात होती. दोन पहारेकरी ठेवले आणि त्यांचा खर्च तिच्याच मालमत्तेतून वसूल करायचा, असा न्याय! केप्लरने लिंत्सचे बिऱ्हाड हलवले, बायकामुलांना रेगेन्सबुर्गला ठेवले आणि स्वतः आईच्या बचावासाठी वर्षभर तिथे जाऊन राहिला. चेटकिणीच्या खटल्यात असे जाहीरपणे पाठीशी उभे राहणे सोपे नव्हते. आरोपीचे नातलगही संशयात यायचे.

त्याने बचाव कसा केला हे बघण्यासारखे आहे. जादूटोणा म्हणजे थोतांड आहे, असे तो म्हणाला नाही. तसे म्हणून त्या काळी भागलेच नसते. त्याने एकेक आरोप हातात घेतला आणि ग्रहाची जागा तपासावी तसा तपासला. उर्झुलाचे दुखणे त्या पेयाच्या आधीपासूनचे होते, आणि तिने कडक औषधे घेतली होती. काटारिनाने हात लावला म्हणून जिचा हात दुखला ती मुलगी वीटभट्टीसाठी विटा वाहत होती, हात दुखणारच. म्हातारीने आपल्या बापाची कवटी कबर खणणाऱ्याकडे मागितली होती, हे मात्र खरेच होते. कवटीला चांदीचे अस्तर लावून त्याचा पेला मुलाला द्यावा, असे कुठल्याशा प्रवचनात ऐकून तिच्या मनात आले होते. तेही त्याने लपवले नाही, समजावून सांगितले. काढ्यात कोणता पाला, कशासाठी, कुणाला, केव्हा दिला, तेही सांगितले. शेवटचा लेखी बचाव १२८ पानांचा होता.

माझ्या मते या साऱ्या कहाणीचा गाभा इथे आहे. चौदा वर्षांच्या दुराकोटसने पिशवी कापली ती कुतूहलाने, एकट्याने, आईच्या नकळत. पन्नाशीच्या केप्लरने तीच पिशवी भर न्यायालयात उघडली, आणि आत जे आहे ते साधा पालाच आहे हे दाखवले. झाकून ठेवल्याने आई वाचली नसती. झाकलेल्या पिशवीत लोक आपापले भूत भरत होते.

अखेर प्रकरण ट्युबिंगेनच्या कायदेपंडितांकडे गेले. प्रत्यक्ष छळ करू नये, पण छळाची हत्यारे दाखवून भीती घालावी, असा त्यांनी निर्णय दिला. २८ सप्टेंबर १६२१ ला तिला त्या खोलीत नेले. मारेकऱ्याने एकेक हत्यार दाखवले. त्या निरक्षर म्हातारीने काय करावे? हवे तर माझी शीर न्‌ शीर ओढून काढा, कबूल करण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, अशा अर्थाचे बोलून ती गुडघ्यावर बसली आणि प्रार्थना करू लागली. काही दिवसांनी तिला सोडले. १३ एप्रिल १६२२ ला, म्हणजे सुटकेनंतर सहाच महिन्यांत, ती वारली.

गोष्टीतला मुलगा आई गेल्यावरच लिहायला मोकळा होतो. केप्लरचे काय झाले? पुढची कित्येक वर्षे तो 'सोम्नियम'ला टिपा लिहीत राहिला. पुस्तक चिमुकले आणि टिपा २२३! फिओल्क्सहिल्ड म्हणजे माझी आई नव्हे. ती अडाणी अनुभवाचे रूपक आहे. अडाणी अनुभवाच्या पोटी शास्त्र जन्माला येते, आणि ही आई जिवंत असेतो मुलाने निसर्गाची गुपिते फोडणे सुरक्षित नसते. असे त्याने एका टिपेत समजावले आहे. मला या टिपा वाचताना, थंडी वाजेल म्हणून पोराला एकावर एक स्वेटर घालणारी आई आठवते. आईने ज्या भीतीपायी त्याला गप्प केले तीच भीती आता त्याच्या हाडांत मुरली होती.

पुस्तक छापून व्हायच्या आधी, १६३० मध्ये, केप्लर वारला. जावई याकोब बार्टशने काम हाती घेतले, तोही १६३३ मध्ये गेला. मागे विधवा सावत्र आई, लहान मुले आणि पैशाची चणचण. तेव्हा केप्लरचा मुलगा लुडविग, जो पुढे वैद्य झाला, त्याच्याकडे ते अर्धवट छापलेले पुस्तक आले. बाप गेला, मेहुणा गेला, आता आपली पाळी की काय, अशी धास्ती आपल्याला वाटली, हे त्याने प्रस्तावनेत मोकळेपणी लिहिले आहे. तरी त्याने ते १६३४ मध्ये प्रसिद्ध केले. आजीची पिशवी शेवटी नातवाने जगापुढे ठेवली.

आपल्याकडेही वैदू आणि जाणत्या बायका औषध देतात, पण पाल्याचे नाव सांगत नाहीत. "सांगितलं की गुण जातो" म्हणतात. कित्येकींनी लेकीसुनांनाही सांगितले नाही आणि ते ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले. दुसऱ्या बाजूला, न कळणाऱ्या गोष्टीपायी एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार सातपुड्यातल्या पाड्यांवर आपल्याच काळात घडले आहेत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावे लागले, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. तेव्हा लेओनबर्गला नावे ठेवताना जरा जपूनच ठेवावीत.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येते. मोठी माणसे आधीच का सांगत नाहीत? कारण त्यांनी त्या बटव्यापायी कुणाला तरी जळताना पाहिलेले असते, किंवा ऐकलेले असते. मुलांना फक्त कुलूप दिसते, त्यामागची आग दिसत नाही. आई-बापांची चूक असली तर ती कुलूप लावण्यात नाही. कुलूप का लावले ते न सांगण्यात आहे. नुसते "नको" म्हटले की पोर कात्री शोधणारच. "नको, कारण..." म्हटले तरीही कदाचित शोधेल, पण मग निदान उघडताना आपल्याला हाक तरी मारेल.

आणि उघडलेच त्याने, तर त्याला कप्तानाच्या हवाली करू नये. वारस बहुधा तोच असतो.